पावती फाडली का?

मागच्या अंकात संस्थांच्या ऑनलाइन देणग्यांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि शेवटी सहज म्हटलं की काही अडलं तर विचारा, तर विचारलंत की हो तुम्ही, इनबॉक्स भरला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही म्हणून सहा प्रश्न निवडलेत. नावं नकोत असं बहुतेकांनी लिहिलंय, म्हणून फक्त गावं. मी सीए नाही आणि वकीलही नाही, गेली बारा-तेरा वर्षं दोन-तीन छोट्या संस्थांचं हिशेबाचं आणि वेबसाइटचं काम बघतोय आणि त्यात जेवढ्या ठेचा लागल्या तेवढंच ज्ञान आहे.

मिरजेहून एक ताई: आमचा ट्रस्ट कर्णबधिर मुलांची शाळा चालवतो. मुलं दिवाळीला पणत्या रंगवतात, आकाशकंदील करतात. शाळेच्या व्हरांड्यात स्टॉल लावला की तीन दिवसांत सगळं संपतं. आता विश्वस्त म्हणतायत वेबसाइट काढून पुण्या-मुंबईला विकू. एकाने ४५ हजार सांगितलेत. करावं का?

ताई, पहिल्या वर्षी ते ४५ हजार कपाटातच राहू द्या. व्हरांड्यात तीन दिवसांत संपतं ते लोक शाळा ओळखतात म्हणून, मुलं समोर दिसतात म्हणून. वेबसाइट काढली की पुण्यातला माणूस आपोआप येत नाही, त्याला कुणीतरी लिंक पाठवावीच लागते, आणि लिंक पाठवायचीच आहे तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग फुकट आहे. फोटो, किंमत, दोन ओळी टाका, शाळेच्या नंबरवर चालवा (मुख्याध्यापकांच्या पर्सनल नंबरवर नको, ते रिटायर झाले की गिऱ्हाईक त्यांच्याबरोबर जातं).

आता पणतीचं गणित बघू. समजा १२ पणत्यांचा सेट १८० रुपयांना लावला. कच्च्या पणत्या आणि रंग ६० रुपये. खोका, कागद, चिकटपट्टी ३० रुपये. मातीचा माल जड, सेट पॅकिंगसकट किलोच्या आसपास जातो, मुंबईपर्यंत कुरिअरचे ७०-८० रुपये धरा. राहिले दहा-वीस रुपये, आणि त्यात एक पणती फुटली की गिऱ्हाईक फोटो पाठवणार आणि तुम्ही लाजेखातर नवीन सेट पाठवणार. मी हे केलेलं आहे. आम्ही पहिल्या वर्षी खूप उत्साहाने ४० पार्सलं पाठवली, नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि ११ जणांकडून तुकड्यांचे फोटो आले. एका काकूंनी तर तुकडे फेविकॉलने चिकटवून त्याच पणत्या लावल्या आणि तो फोटो पाठवला, रागावल्या नव्हत्या त्या, पण मलाच इतकं ओशाळल्यासारखं झालं की काय सांगू. पुढच्या वर्षी प्रत्येक पणतीत एक कागदाचा बोळा, दोन पणत्या तोंडाला तोंड लावून एकत्र गुंडाळलेल्या आणि खोका हलवल्यावर आवाज आला तर पुन्हा उघडायचा असा नियम केला. फुटणं जवळजवळ थांबलं पण खर्च कुठे थांबतो.

म्हणून लांब पाठवायचं तर हलकं आणि चपटं पाठवा. घडी होणारा आकाशकंदील मोठ्या पाकिटात जातो, शुभेच्छापत्रं जातात, कापडी पिशव्या जातात. पणत्या हव्याच असतील तर एकेक पार्सल करू नका, एखाद्या सोसायटीतल्या ओळखीच्या ताईंना गाठा, त्या चाळीस ऑर्डरी गोळा करतील, मोठे खोके एसटीच्या पार्सलने पाठवा, त्या वाटतील. दर सेटमागे वाहतूक दहा-पंधरा रुपयांवर येते. आणि कोजागिरीला ऑर्डर बंद म्हणजे बंद. वसुबारसेच्या आदल्या दिवशी ‘उद्या मिळेल का’ विचारणारे भरपूर असतात, त्यांना हो म्हटलं की मुलांना रात्री उशिरापर्यंत बसवावं लागतं आणि मग कशाला हे सगळं.

हिशेबाचं मात्र नीट ऐका कारण इथेच बऱ्याच संस्था अडकतात. पणती विकली ती विक्री, देणगी नाही. त्यावर ८०जीची (म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळते ती) पावती देता येत नाही. कुणी १८० च्या सेटचे ५०० दिले आणि उरलेले राहू द्या म्हणाले तर १८० चं बिल आणि ३२० ची देणगी पावती, दोन कागद. ट्रस्टने धंदा करू नये असं नाही, पण तो संस्थेच्या उद्देशाशी जोडलेला हवा आणि त्याची हिशेबाची पुस्तकं वेगळी ठेवावी लागतात. ज्या संस्था ‘सामान्य लोकोपयोगी काम’ या सदरात येतात त्यांना वर अजून एक मर्यादा असते, धंद्याची आवक एकूण आवकीच्या २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांसाठीचं काम यांना ती लागू नाही, तुमची शाळा शिक्षणात बसेल पण ट्रस्ट डीडमध्ये उद्देश काय लिहिलाय ते सीएला एकदा दाखवा. जीएसटीचं म्हणाल तर राज्यातल्या राज्यात मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. बंगलोरला पाठवायला लागलात की नियम बदलतो. हस्तकलेच्या वस्तूंना तिथेही सवलत आहे, पण त्याच्या अटी आधी विचारून घ्या.

दोन वर्षं असं चाललं आणि ऑर्डरी खरंच वाढल्या तर काढा वेबसाइट, तेव्हा डोमेन (साइटचा पत्ता) संस्थेच्या ईमेलवरून, संस्थेच्या पैशाने घ्या. आमच्या एका संस्थेचं डोमेन एका स्वयंसेवक मुलाच्या पर्सनल जीमेलवर होतं. मुलगा चांगला, पण नोकरीला जर्मनीला गेला, ते जुनं मेल बघायचा बंद झाला, रिन्यूअलची स्मरणपत्रं तिकडेच पडून राहिली. ऐन गणपतीत एका देणगीदाराचा फोन आला की तुमची साइट उघडली तर ऑनलाइन रमी दिसतेय. वर्षाला हजारभर रुपयांचा विषय हो! छापलेल्या पत्रकांवर तोच पत्ता, पावती पुस्तकावर तोच पत्ता, सगळं रद्दीत गेलं.

पेमेंट गेटवेसाठी (साइटवर ऑनलाइन पैसे घ्यायची सोय) ट्रस्टचं पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, ट्रस्ट डीड, कॅन्सल चेक आणि विश्वस्तांचा ठराव मागतात. साइटवर संपर्क, रिफंड आणि प्रायव्हसीची पानं नसली तर अर्ज परत येतो. कार्ड, नेटबँकिंगवर साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी कापला जातो हे धरूनच किंमत लावा.

अजून एक, न विचारलेलं. फोटोखाली ‘बिचारी मुलं’ असलं काही लिहू नका. दयेपोटी माणूस एकदाच घेतो, कंदील आवडला तर दरवर्षी घेतो. आणि मुलांचे चेहरे टाकण्याआधी पालकांची सही घ्या, नाहीतर नुसते रंगाने माखलेले हात टाका, तो फोटो तसाही जास्त चांगला येतो.

नाशिकहून एक तरुण वाचक: आम्ही सहा मित्र दर रविवारी एका हॉस्पिटलबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना नाश्ता देतो. इन्स्टावर टाकतो, लोक माझ्या जीपेवर पैसे पाठवतात, महिन्याला तीसेक हजार जमतात. परवा एकाने ८०जीची पावती मागितली. काय सांगू?

मित्रा, खरं सांग त्याला, की आम्ही रजिस्टर्ड नाही, पावती मिळणार नाही. चिडला तर चिडला.

पण पावतीपेक्षा मोठा घोळ तुझ्या खात्यात आहे. महिन्याला तीस हजार म्हणजे वर्षाला साडेतीन लाखांच्या वर, ते तुझ्या पॅनला जोडलेल्या खात्यात येतायत आणि उद्या आयकरवाल्यांनी विचारलं की हे काय, तर पोहे आणि उपमा एवढंच सांगता येणार नाही, किराण्याची बिलं दाखवावी लागतील. शिवाय महाराष्ट्रात नोंदणी नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ क, दरवर्षी गणपती मंडळं वर्गणीसाठी काढतात ना तीच. वर्गणी पावती पुस्तकाने घेतली काय नि क्यूआर कोडने घेतली काय, कायद्याला तेच.

लगेच संस्था काढू नका असं माझं मत आहे. सोसायटी काढायला सात जण लागतात, तुम्ही सहा आहात, सातवा मिळेलही, पण मग दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, १२एबी (संस्थेची स्वतःची आयकर सूट) आणि ८०जीसाठी आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी आणि नंतर पुन्हा अर्ज, आणि तुमच्यातल्या दोघांची लग्नं झाली, एक बंगलोरला गेला की हे सगळं तुझ्या एकट्याच्या गळ्यात. त्यापेक्षा गावात एखादी जुनी नोंदणीकृत संस्था बघा जिचं काम याच्या जवळचं आहे. त्यांना सांगा की पैसे तुमच्या खात्यात येतील, पावती तुम्ही द्या, पोहे आम्ही करतो आणि बिलं दर सोमवारी आणून देतो. बऱ्याच संस्थांना तरुण मुलं हवीच असतात. ते जमेपर्यंत निदान वेगळं खातं काढ ज्यात या कामाशिवाय दुसरं काही नाही, आणि दर महिन्याला स्टोरीत ‘आज २०० जणांना नाश्ता’ याच्या शेजारी किराण्याच्या बिलाचा फोटोपण टाक.

संस्थेच्या खात्यावर गेलात की यूपीआय ऑटोपे (दर महिन्याला आपोआप पैसे येतात ते) लावून घ्या, महिन्याला दोनशे देणारे शंभर जण मिळाले की दर शनिवारी रात्री ‘उद्यासाठी कमी पडतायत’ असं टाकावं लागणार नाही.

कोल्हापूरहून एक उद्योजिका: माझा कांदा-लसूण मसाल्याचा ऑनलाइन व्यवसाय आहे. प्रत्येक पाकिटामागे ५ रुपये मुलींच्या शिक्षणाला द्यायचे असं ठरवलंय. लेबलवर लिहू का? कसं?

लिहा की, पण ‘नफ्यातला काही भाग’ असलं मोघम लिहू नका. नफा किती आणि त्यातला काही म्हणजे किती हे फक्त तुम्हाला आणि देवाला माहीत. ५ रुपये म्हणजे ५ रुपये, तेच लिहा, आणि कुठल्या शाळेला किंवा संस्थेला ते नावानिशी, त्यांचं परवानगीचं पत्र घेऊन.

एकच संस्था निवडा. अ‍ॅमेझॉनने २०१३ ला अमेरिकेत अ‍ॅमेझॉनस्माइल काढलं होतं, खरेदीच्या अर्धा टक्का तुम्ही निवडाल त्या संस्थेला. दहा लाखांच्या वर संस्था त्यात आल्या आणि २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांनी ते बंद केलं, तेव्हा त्यांनीच सांगितलं की संस्थेमागे वर्षाला सरासरी २३० डॉलरसुद्धा जात नव्हते. एवढी मोठी कंपनी, पण इतक्या जणांत वाटलं की कुणाच्याच ताटात काही दिसत नाही. तुमची महिन्याला ८०० पाकिटं गेली तर ४,००० रुपये, दहा ठिकाणी वाटले तर चहापाण्याचे, एका मुलीला दिले तर तिचा एसटीचा पास, वह्या आणि क्लासची फी यातलं बरंच भागतं.

दर तीन महिन्यांनी बँकेतून पाठवा. रोख २,००० च्या वर दिलंत तर ८०जी मिळत नाही. जुन्या करप्रणालीत असाल तरच ती वजावट आहे, नव्या प्रणालीत नाही, म्हणून टॅक्स वाचेल या हिशेबाने हे करत असाल तर आधी सीएला फोन करा. पावतीचा फोटो साइटवर लावा. बर्लिनची इकोसिया ही सर्च कंपनी २००९ पासून जाहिरातींच्या पैशांतून झाडं लावते आणि दर महिन्याचा जमाखर्च साइटवर टाकते, किती आले, किती झाडांना गेले, पगाराला किती गेले. तेवढं कुणी मागत नाही तुमच्याकडे, पण तीन महिन्यांनी एक पावती तर लावता येईल.

आणि कृपा करून चेकआउटला आधीच टिक केलेला ‘१० रुपये देणगी’चा बॉक्स ठेवू नका. केंद्राने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये फसव्या डिझाइनबद्दल जे नियम काढले त्यात गिऱ्हाइकाला न विचारता बिलात देणगी घुसवणं स्पष्टपणे बंद केलंय. तुमचे ५ रुपये तुमच्या खिशातून जाऊ देत, गिऱ्हाइकाला द्यायचे असतील तर तो स्वतः टिक करेल.

औरंगाबादहून (आता छत्रपती संभाजीनगर) एक कॉलेजकन्या: खिशात पैसे नाहीत. नुसतं क्लिक करून मदत होते अशा साइट खऱ्या असतात का?

काही असतात. फ्रीराइस २००७ ला जॉन ब्रीनने काढली, तेव्हा इंग्रजी शब्दाचा अर्थ बरोबर ओळखला की १० दाणे तांदूळ जायचे, पैसे जाहिरातदारांचे. २००९ ला ती संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे गेली. किलोत साधारण ५० हजार दाणे धरले तर त्या हिशेबाने पाच हजार बरोबर उत्तरांनी एक किलो व्हायचा. तुझी इंग्रजी मात्र त्यात झक्कास होईल! खरंच वेळ द्यायचा असेल तर जवळच्या संस्थेत जा आणि त्यांची वेबसाइट मराठीत करून दे. अर्ध्या संस्थांच्या साइट इंग्रजीत आहेत आणि तीही कुठल्या तरी टेम्प्लेटमधली, ‘अबाउट अस’मध्ये अजून नमुन्याचा लॅटिन मजकूर दिसतो. नोंदणीकृत संस्थांना गूगल महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या सर्च जाहिराती फुकट देतं, आपल्या किती संस्थांनी त्यासाठी अर्ज केलाय विचार, आणि तो भरून दे. एक दुपार जाईल.

न्यू जर्सीहून एक वाचक: माझ्या आजोळच्या गावातल्या शाळेला, सातारा जिल्ह्यात, कॉम्प्युटर लॅब द्यायची आहे. इथे आम्ही मित्रांनी क्राउडफंडिंगने डॉलर जमवलेत. थेट शाळेच्या ट्रस्टच्या खात्यात टाकले तर?

थांबा, टाकू नका. तुमचा पासपोर्ट कुठला यावर सगळं आहे. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत देणार असाल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही, पासपोर्टची कॉपी शाळेला देऊन ठेवा म्हणजे झालं. अमेरिकन पासपोर्ट असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, ती परदेशी देणगी, आणि त्यासाठी शाळेच्या ट्रस्टकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी पाहिजे. तुम्ही तर मित्रांकडून गोळा केलेत, त्यात अमेरिकन नागरिक असणारच. गावच्या ट्रस्टकडे ही नोंदणी बहुधा नसेल, कारण तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च ही पात्रता आहे, आणि पैसे फक्त दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येऊ शकतात, मग शाळा साताऱ्यात असो नाहीतर सांगलीत.

लोक मग म्हणतात की पुण्यातल्या एफसीआरए असलेल्या मोठ्या संस्थेला देऊ, ती पुढे शाळेला देईल. २०२० च्या दुरुस्तीपासून तेही बंद आहे, एका संस्थेने ते पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळते करायचे नाहीत. त्या संस्थेने स्वतःच्या प्रकल्पात स्वतः कॉम्प्युटर घेऊन शाळेत लॅब चालवली तर तो मार्ग निघू शकतो, पण त्यांच्या सीएचं लेखी मत घेऊन. तुम्हाला अमेरिकेतली करसवलत हवी असेल तर तिकडची ५०१ सी ३ (तिथल्या करकायद्यात मान्य धर्मादाय) संस्था लागेल, आपली ८०जी तिकडे चालत नाही. महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या तिथल्या मराठी संस्थांचा यात बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे, आधी त्यांना विचारा. चिडचिड होते माहितीये. आजोळच्या शाळेला चार कॉम्प्युटर द्यायला एवढं कशाला, असं मलाही वाटतं, पण चूक झाली तर निस्तरायला तुम्ही तिकडे आणि हेडमास्तर इकडे.

ठाण्याहून एक आजोबा, वय ७४: व्हॉट्सअ‍ॅपवर मदतीचे मेसेज येतात, क्यूआर कोडसकट. मन राहवत नाही. खरं-खोटं कसं ओळखू? आणि हे लोक पॅन नंबर का मागतात, देऊ का?

आजोबा, पॅन खरी संस्था मागतेच. त्यांना वर्षाच्या देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत आयकर खात्याला भरावी लागते, १०बीडी नावाचा फॉर्म, आणि त्यावरून तुम्हाला १०बीई हे प्रमाणपत्र मिळतं. ते नसेल तर नुसत्या पावतीवर वजावट अडकते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नवीन आयकर कायद्यात कलमांचे आणि फॉर्मांचे नंबर बदललेत, पण लोक अजून ८०जीच म्हणतात, मीपण. मात्र पॅन त्यांच्या साइटवर किंवा पावतीवर द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला कार्डाचा फोटो पाठवू नका.

कोड स्कॅन केला की पैसे पाठवायच्या आधी नाव दिसतं. संस्थेचं नाव दिसलं पाहिजे, कुणा एका माणसाचं दिसलं की तिथेच थांबा. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेचं नाव शोधा, नातवाला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. सगळ्या चांगल्या संस्था तिथे असतील असं नाही, पण नसेल तर लँडलाइनला फोन करून नोंदणी क्रमांक विचारा, खरी संस्था चिडत नाही, उलट खूश होते. आणि पैसे ‘घेण्यासाठी’ पिन टाका असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या, पिन फक्त पैसे जाताना लागतो.

घाई करणाऱ्यांपासून जरा लांब राहा. रोजच्या वर्तमानपत्रात गणपतीच्या दहा दिवसांत संस्थांची ओळख येते, पुण्यात पितृपंधरवड्यात संस्थांचं प्रदर्शन भरतं, तिथली एखादी संस्था निवडा आणि वर्षातून एकदा, आईच्या किंवा वडिलांच्या तिथीला द्या.

तुम्ही मला पाठवलेला तो मेसेज, तो ऑपरेशनवाल्या बाळाचा, मला २०२१ मध्येही आला होता. तेव्हाही ते बाळ दोन वर्षांचंच होतं आणि ऑपरेशन उद्याच होतं.